'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' : वर्गातल्या न्यायाबद्दल

वर्गशिक्षिका_चोपडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा पाचवी माझ्याकडे आहे. शाळा उघडली की आमच्याकडे कागदांचा हंगाम सुरू होतो. आधार, पासबुक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. त्यातूनच हा विषय डोक्यात घोळतोय. इथे बरेच शिक्षक आणि पालक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वर्ग कसा आहे ते सांगते. केळीच्या बागायतदाराचा मुलगा आणि त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराचा मुलगा एका बाकावर बसतात. भिल्ल वस्तीतली मुलं आहेत, पाड्यावरून पायी येणारी पावरा मुलं आहेत, कोळी आहेत, तडवी आहेत. घरी कोणी अहिराणी बोलतं, कोणी गुजरी, कोणी भिली, कोणी पावरी. पुस्तकातली मराठी घरी बोलणारं मूल माझ्या वर्गात जवळजवळ नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी, गुजरी धरून) बोलणाऱ्यांची संख्या १८ लाखांच्या वर होती, आणि त्यात भिली-पावरी धरलेल्याच नाहीत. म्हणजे हे चित्र माझ्या एकटीच्या शाळेचं नाही.

अशा वर्गात 'सगळ्यांना सारखं वागवायचं' एवढं ठरवून भागत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला पहिल्या वर्षीच कळतं. कोणाला जास्त वेळ द्यावा लागतो, कोणाला जास्त मदत, कोणाला सरकारी लाभ. त्यावर वाद नाही. मला बोलायचंय ते याच्या पुढचं. जे मुलाच्या हक्काचं आहे ते त्याला चारचौघांत उघडं पाडून दिलं, तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं असंच होतं.

शिष्यवृत्तीचंच घ्या. ऑफिसातून यादी येते आणि कोणीतरी दारातूनच वाचतं. "एसटीवाले उभे राहा. आता एससी. आता व्हीजेएनटी." काम पाच मिनिटांत उरकतं, म्हणून बहुतेक ठिकाणी असंच चालतं. कोणाच्या मनात वाईट नसतं. पण तेवढ्या वेळात वर्ग दोन ठिकाणी वाटला जातो. मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला म्हणताना मी ऐकलंय, "तुमले तं बठ्ठं फुकट भेटस." म्हणजे, तुम्हाला तर सगळं फुकट मिळतं. ज्याला म्हटलं तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पासबुकाची झेरॉक्स मागितली तर "हरवली" म्हणाला. त्याच्या आईने ती घडी करून कंपासपेटीत ठेवून दिली होती, आणि ती तिथेच होती. दहा-अकरा वर्षांच्या पोराने स्वतःच्या हक्काचे पैसे नको म्हणावेत, एवढं त्या उभं राहण्यात काहीतरी आहे.

म्हणून माझ्या वर्गात यादी वाचायची नाही असा नियम केलाय. चिठ्ठी सगळ्यांच्या घरी जाते, सारख्याच कागदावर, सारखीच घडी घालून. आत कोणाला कोणते कागद हवेत ते लिहिलेलं असतं. ज्याला काहीच लागत नाही त्याच्या चिठ्ठीत पालकसभेची तारीख असते. कागद घ्यायचे ते पालकांकडून, सभेच्या दिवशी किंवा वस्तीवर जाऊन. वेळ जास्त जातो हे खरं आहे. पण तो वेळ माझा जातो, मुलाचं काही जात नाही.

दुसरी गोष्ट झाडूची. वर्ग झाडायला, पाणी भरायला, पोषण आहाराची ताटं मांडायला आपण सहज कोणाला हाक मारतो? ज्याचे आईबाप तक्रार घेऊन येणार नाहीत त्याला. आणि मुलींना. हे ठरवून होत नाही, तोंडात तीच नावं येतात. आमच्याकडे आता हजेरी क्रमांकाने पाळी लागते, भिंतीवर तक्ता आहे, आणि त्यातून सरपंचाचा नातूही सुटत नाही. एका आजोबांनी येऊन विचारलं होतं, "बाई, आमचा नातू झाडू मारी का?" मी तक्ता दाखवला. तक्त्यावर माझंही नाव आहे, ते वाचून ते परत गेले.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. श्रुतलेखनात मी 'शाळा, फळा, केळी, डोळा' सांगते आणि निम्म्या वह्यांत 'शाया, फया, केयी, डोया' येतं. मूल कानाने चुकलेलं नसतं, घरी जसं बोलतात तसंच त्याने प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. बहिणाबाई चौधरींच्या कविता आपण ज्या बोलीत वाचतो तिच्यातही 'ळ'चा 'य' होतो, आणि तिथे आपण माना डोलावतो. प्रमाण लेखन शिकवायला हवंच, पुढे सगळ्या परीक्षा त्यातच आहेत. पण विज्ञानाच्या पेपरात 'मुयं पानी शोसतात' असं लिहिणाऱ्या मुलाला विज्ञान आलेलं आहे. तिथे मी पूर्ण गुण देते, आणि शब्द शेजारी नीट लिहून देते. लाल फुली मारत नाही. मराठीच्या वहीत मात्र दोन रकाने पाडायला लावते, एक घरचा, एक पुस्तकाचा. घरचा रकाना मुलं मला शिकवतात. त्या तासाला एरवी तोंड न उघडणारी पावरा मुलगी पुढे येऊन फळ्यावर लिहिते.

प्रश्न विचारण्याचंही तसंच आहे. प्रश्न मराठीत ऐकायचा, घरच्या भाषेत समजून घ्यायचा, उत्तर जुळवायचं आणि परत मराठीत आणायचं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्याने उत्तर देऊन टाकलेलं असतं. म्हणून प्रश्न विचारला की थोडा वेळ कोणीच हात वर करायचा नाही. मग डब्यातून नावाची चिठ्ठी काढायची. हुशार मुलांना सुरुवातीला हे आवडलं नाही. नंतर तीही थांबायला शिकली, आणि त्यांची उत्तरंही सुधारली.

आता माझा प्रश्न. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात ती उन्हाळ्यातच परत येतात. पाचवीला आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. मधले महिने वर्गातच नसलेल्या मुलाला तोच पेपर द्यायचा? सोपा केला तर बाकीचे पालक म्हणतात हा पक्षपात आहे. नाही केला तर मूल हरणार हे आधीच ठरलेलं. तुम्ही काय करता?

गणित_शिरपूर

बाई, कळकळ पोहोचली. पण दोन ठिकाणी पटलं नाही.

एक म्हणजे शिष्यवृत्ती हक्क आहे असं तुम्हीच म्हणता, मग ती लपवायची कशाला? लपवलं की त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असा अर्थ निघतो. मी वर्गात सरळ सांगतो की हा पैसा कोणाची भीक नाही, संविधानाने दिलेला अधिकार आहे. ताठ उभं राहून घ्या. माझी मुलं तशी घेतातही.

दुसरं, पेपर. गणितात ३/४ आणि १/२ ची बेरीज सगळ्यांसाठी एकच येते. पाया कच्चा ठेवून पुढे ढकललं की आठवी-नववीत तोच मुलगा शाळा सोडतो. ती सूट दयेची असते, तिने न्याय होत नाही.

वर्गशिक्षिका_चोपडा

सर, हक्क आहे हे वर्गात सांगायलाच हवं आणि मीही सांगते. पाचवीला संविधानाचं १५ (४) कलम त्या शब्दांत सांगता येत नाही, पण काही लोकांना शाळेच्या बाहेर का ठेवलं होतं ही गोष्ट मुलांना नीट कळते. मात्र ती सगळ्या वर्गाला सांगायची. तुम्ही म्हणता तसं ताठ उभं राहायचं की नाही, ते त्या मुलाने ठरवावं. यादी वाचली की ती निवड त्याच्या हातात राहत नाही. एवढाच फरक आहे.

पेपरच्या बाबतीत तुमचा मुद्दा मला सोडवता येत नाही, म्हणूनच धागा काढला.

धडगावकर

मी पावरा आहे, धडगाव तालुक्यातला, आणि आता शिक्षक आहे. आश्रमशाळेत शिकलो. गणित सर, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण यादीत उभं राहणाऱ्या बाजूने सांगतो. उभं राहताना गुरुजी काय म्हणतात ते ऐकू येत नाही. मागचा काय म्हणतोय तेवढंच ऐकू येतं.

आमच्या शाळेत तर सगळेच आदिवासी होते, तिथे हा प्रश्न नव्हता. अकरावीला शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात आलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण 'यादीतले' आहोत. पहिले काही महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. हुशारी कमी नव्हती. तोंड उघडलं की उच्चारावरून मागच्या बाकावर हसू यायचं. त्या वर्गात एक प्राध्यापिका होत्या. त्या प्रश्न लिहून घ्यायच्या, चिठ्ठीवर, नाव न घालता, आणि तासाच्या शेवटी सगळ्या चिठ्ठ्या वाचून उत्तरं द्यायच्या. मी अकरावी पास झालो त्यात त्या चिठ्ठ्यांचा वाटा मोठा आहे.

भाषेबद्दल एक सूचना. बाई, मोठ्या मुलांना दुभाषे म्हणून वापरत असाल तर जपून. आमच्याकडे पहिलीच्या मुलांना समजावायला चौथीची मुलगी बोलावतात. रोज बोलावलं तर तिचाच अभ्यास बुडतो, आणि ती शांत, समजूतदार म्हणून तिलाच बोलावलं जातं. मी पाळी लावतो आणि स्वतः भाषा शिकलेल्या शिक्षकांना प्राधान्य द्यावं म्हणून शिक्षण परिषदेत दर वेळी बोलतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावं असं २००९ पासून लिहिलेलं आहे. 'शक्य तोवर' या आडोशाला फार काही लपतं.

आणि सुट्ट्या. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि होळी हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे. दिवाळीला गावी गेलेलं मूल 'सुट्टीवर' असतं आणि होळीला घरी राहिलेलं मूल 'गैरहजर' असतं. नंदुरबार जिल्ह्यात १९९८ नंतर, जिल्हा वेगळा झाल्यावर, हे थोडं सावरलं, पण मिश्र वस्तीच्या तालुक्यांत अजून तसंच आहे. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी तिकडे वळवता येते. कानबाईच्या सणाला मिळते तशी.

उर्दू_माध्यम_रावेर

धडगावकर भाऊ, सुट्टीचा मुद्दा आमच्याकडे ईदला तसाच येतो.

मी एक वेगळी गोष्ट सांगतो. लहान गावात उर्दू शाळा चौथीपर्यंतच असते. पाचवीला ती मुलं मराठी शाळेत जातात. माझी एक माजी विद्यार्थिनी तिथे गेली आणि पहिल्याच दिवशी तिने वही आपल्या सवयीने उघडली. म्हणजे मराठी शिक्षकांच्या दृष्टीने उलटी, शेवटच्या पानापासून. "वही धरता येत नाही का?" असं तिला विचारलं गेलं. ती चार वर्षं उजवीकडून डावीकडे लिहीत आली होती, आणि चांगलं लिहीत होती. अक्षर सुंदर म्हणून तिला आमच्याकडे बक्षीस होतं.

तिचा बाप मजूर आहे. तो मला येऊन म्हणाला, "सर, तिला शाळेत जायचं नाही म्हणते." मी त्या शाळेत गेलो, तिची उर्दूची वही दाखवली. तिथल्या सरांनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली आणि मुलांना उर्दूत आपापलं नाव लिहून घ्यायला सांगितलं. मुलांनी तिच्याभोवती गर्दी केली. आज ती मराठीत नीट लिहिते. दोन शाळांतल्या शिक्षकांनी एकमेकांना भेटायचं, एवढ्याने काम झालं. ते चौथीच्या निकालाबरोबर आपोआप व्हायला हवं.

कोरडवाहू_पारोळा

मी शिक्षक नाही, बाप आहे. सांगितलं तर राग मानू नका.

आमची जमीन कोरडवाहू. पाऊस गेला तर कापूस जातो. जातीने खुल्या वर्गातले, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही. मोठा मुलगा झेडपीत होता तेव्हा मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि एससी, एसटी, बीपीएलच्या मुलांना मिळायचा. माझ्या मुलाला नाही. त्याच्या बाकावरच्या दोघांना नवीन कपडे आणि याला मागच्या वर्षीचे, आखूड झालेले. त्याने विचारलं, "आप्पा, मनं नाव का बरं नही?" मी काय सांगणार? बाई म्हणतात तो 'तुमले फुकट भेटस' बोलणारा मुलगा माझाही असू शकला असता. त्याच्या मनात जात नव्हती, शर्ट होता.

वर्गशिक्षिका_चोपडा

आप्पा, राग कसला? तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. हा अन्याय आम्ही वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलाय. गणवेश वाटायच्या दिवशी मुलांच्या रांगेत काही जण हात हलवत परत जायचे. कित्येक शाळांत शिक्षकांनी वर्गणी काढून, गावातल्या दुकानदाराला गळ घालून उरलेल्यांचे कपडे शिवले. २०२३-२४ पासून राज्याने बाकीच्या मुलांनाही योजनेत घेतलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये खरोखर आनंद झाला होता. पाठ्यपुस्तकं सगळ्यांना मिळतात आणि त्यावरून कधी कोणी कोणाला टोमणा मारलेला मी ऐकला नाही.

पण शिष्यवृत्ती आणि गणवेश या गोष्टी मी वेगळ्या धरते. कपडा प्रत्येक मुलाला हवा. शिष्यवृत्तीमागे मात्र ज्या घरांत शाळाच येऊ दिली नव्हती त्या घरांचा इतिहास आहे. तुमच्या मुलाला शर्ट न मिळणं चूक होती. ती चूक शेजारच्या मुलाची शिष्यवृत्ती चूक ठरवत नाही. तुम्ही तसं म्हणालाही नाहीत, हे मला दिसलं.

भुसावळची_आई

माझ्या मुलीला कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे. पहिल्या बाकावर बसवायला सांगितलं तर इतर पालकांनी विचारलं की हिलाच कायम पुढे का, बाक फिरते असतात ना? वर्गशिक्षकांनी उपाय काढला तो सांगते. बाक फिरतेच ठेवले. पण शिकवताना ते स्वतः फिरायचे बंद झाले. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, बोलायचं ते वर्गाकडे बघून, म्हणजे तिला ओठ दिसतील. तिच्याबरोबर सगळ्यांनाच नीट ऐकू यायला लागलं. ती मागच्या रांगेत गेली की त्या आठवड्यात महत्त्वाचं सगळं फळ्यावर लिहायचे.

दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ साली २१ प्रकार आले. परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मिळतात. तो कागद आम्ही मिळवू. पण ओठ दिसू देणं कुठल्या कागदात लिहिलेलं नव्हतं.

आबा_अमळनेर

निवृत्त मुख्याध्यापक आहे. साने गुरुजी आमच्या गावी प्रताप हायस्कुलात शिकवायचे, १९२४ ते १९३० या काळात, आणि वसतिगृहही सांभाळायचे. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या आवरून ठेवायचे, कोणाचं नाव न घेता. ताईंचा धागा वाचताना ते आठवलं.

आता ऊसतोडीच्या मुलांबद्दल. ताई, पेपर सोपा करण्याचा प्रश्न वार्षिक परीक्षेला येतो, पण त्याचं उत्तर ऑक्टोबरात आहे. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की कुटुंब जाणार हे गावाला माहीत असतं. तेव्हाच वस्तीवर जाऊन बसायचं. आजी-आजोबा किंवा काका गावात असतील तर मूल मागे ठेवायला राजी करायचं आणि पालक परतेपर्यंत मुलांची गावातच सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवायचा. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात. हे मी पुष्कळदा बघितलंय.

मूल गेलंच तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचा कागद, हातात द्यायचं. त्यात नुसतं नाव-इयत्ता नको, मुलाला काय येतं ते लिहायचं: हातच्याची वजाबाकी येते, जोडाक्षरं अडतात, असं. आपल्या राज्यातल्या कारखान्यावर गेलं तर तिथल्या शाळेला उपयोग होतो. गुजरातेत पडावावर (मजुरांच्या तळावर) गेलं तर शाळा गुजराती, तिथे पत्रकाचा फारसा उपयोग नाही. मग पाठ्यपुस्तकं आणि वही बरोबर द्यायची. आमच्या एका शिक्षिका आठवड्यातून एकदा मुकादमाच्या फोनवर मुलांशी बोलायच्या.

गणित सरांचं म्हणणंही खोटं नाही. सोपा पेपर देऊन मुलाला पुढे ढकलू नका. परत आल्यावर पेपर तोच द्या. नापास झालं तर पुरवणी परीक्षेची सोय आहे, मधला उन्हाळा वापरा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप वर्गात आलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे, तोच विचार इथे लावायचा. आणि बाकीच्या पालकांना सांगायचं की पेपर एकच आहे, शिकवणी जास्त दिली.

गणित_शिरपूर

आबा, हे पटलं. पेपर एक, तयारी वेगळी. उन्हाळ्यात आम्हीही काही मुलांचे तास घेतो. त्यात ऊसतोडीची मुलं धरली तर वेगळा वर्गही दिसणार नाही.

धडगावकर सर, तुमचं वाचून थांबलो. यादीबद्दल माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण या वर्षी वाचणार नाही. बाई, एक व्यवहाराचा प्रश्न आहे. शेवटच्या तारखेला दोन-तीन मुलांचे कागद अडलेले असतात. ऑफिस दारात उभं असतं. तेव्हा नाव घ्यावंच लागतं ना?

वर्गशिक्षिका_चोपडा

सर, अशा वेळी मी मुलाला काहीच विचारत नाही. पालकाला फोन करते. फोन लागला नाही तर वस्तीवरच्या आशाताईंकडे किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे निरोप देते, त्यांना घर माहीत असतं. बहुतेक वेळा अडतं ते आधारवरच्या आणि दाखल्यावरच्या नावातल्या फरकाने, आणि ते मुलाला विचारून सुटणारं नसतंच. ऑफिसला मी जूनमध्येच विनंती केली की यादी माझ्या हातात द्या, वर्गात येऊ नका. पहिल्यांदा त्यांना वाटलं बाई नखरे करतात. कागद वेळेत पूर्ण झालेले बघितल्यावर आता शेजारच्या वर्गाची यादीही तिथल्या सरांच्या हातात देतात.

आबा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आमच्याकडून कधी गेलाच नाही असं दिसतंय. या आठवड्यात केंद्रप्रमुखांना भेटते. प्रस्तावाला काय काय जोडायचं ते इथेच लिहाल का? इतरांनाही उपयोग होईल.

आबा_अमळनेर

लिहितो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचं घरोघर जाऊन केलेलं सर्वेक्षण, मुलांची नावनिहाय यादी, पालकांचं संमतीपत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. ठराव सप्टेंबरच्या सभेतच घ्या. संमतीपत्रावर मुलाचा सांभाळ गावात कोण करणार त्याचं नाव लिहून घ्या, नुसता पालकाचा अंगठा घेऊ नका. बाकी नमुना फोटो काढून रात्री टाकतो.